सिस्टरचा जहागीरदार

आमच्या सिस्टरनी कुणाला "बरं होईल" असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गल्लीत कुणी आजारी पडलं की लोक आधी त्यांच्या दारात उभे राहायचे, डॉक्टरकडे नंतर जायचे. त्या जीभ बघायच्या, डोळ्याखालची कातडी ओढून बघायच्या, पायावर अंगठा दाबून सूज बघायच्या आणि जे दिसलं ते सांगून टाकायच्या. "कावीळ हाय. दारू सोड. नाय सोडली तर दिवाळी दिसायची नाय." आवाज चढायचा नाही की उतरायचा नाही, भाजीवाल्याने भाव सांगावा तसं सांगायच्या. समोरचा रडायला लागला तर म्हणायच्या, "धीर पाहिजे असंल तर बुवाकडं जा. खरं ऐकायचं असंल तर बस."

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला माहीत नव्हतं. आमच्या घरांत त्या सिस्टर होत्या, मुसलमान घरांत सिस्टर आपा. सरकारी दवाखान्यात नोकरी आणि हर्सूलला आमच्या घरासमोर भाड्याची एक खोली. उंच, हाडापेराने दणकट, कपाळ मोकळं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत पिशोरच्या पलीकडे डोंगरात मेंढरं घेऊन दडलेल्या धनगरांच्या तळावर त्यांचा जन्म झाला. "माय म्हणायची, भाईर रझाकाराचं भ्या आन् आत तू बोंबलतीस. तवापास्नं माझं तोंड असंच हाय," असं त्या हसून सांगायच्या. त्यांचं हसणं तेवढ्यापुरतंच असायचं.

लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. नवऱ्याला रातपाळी करणारी बायको नको होती. "त्याला घरात बाई पाहिजे होती, मला वॉर्डात ड्यूटी होती," एवढ्या एका वाक्यात त्यांनी तो विषय मला सांगून संपवला होता. माहेरी धाकटा भाऊ, त्याची मुलं. सणाला त्या गावी जायच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने परत यायच्या. तिथं झोप येत नाही म्हणायच्या.

माझ्या वडलांच्या वेळी या बाईची खरी ओळख पटली. वडलांना तंबाखूची सवय होती. गालाच्या आत एक चट्टा उठला, तो वाढत गेला, जबडा सुजला. ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, आणि काही महिन्यांत ते पुन्हा उगवलं. दादा त्यांना मुंबईला न्यायच्या तयारीला लागला होता. त्या दिवशी सिस्टर आल्या, वडलांचं तोंड बॅटरी लावून बघितलं आणि त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "मुंबईला नेऊ नका. तिथं यांना कापतील, भाजतील, आन् शेवटी हे अनोळखी कॉटवर जातील. घरी ठेवा. दुखणं मी बघते."

दादा खवळला. "तुम्ही नर्स आहात, डॉक्टर नाही," म्हणाला. आई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. वडील मात्र पहिल्यांदाच शांत झालेले दिसले. तोंडातून शब्द नीट येत नव्हता, पण त्यांनी बोटाने जमीन दाखवली. इथंच.

मग सिस्टर रोज ड्यूटीवरून सुटून थेट आमच्याकडे यायच्या. जखम धुवायच्या, कापूस बदलायच्या, दुखण्याचं औषध कधी आणि किती द्यायचं ते मला शिकवायच्या. त्या जखमेचा एक वास होता. उदबत्तीने, फिनाइलने, कशानेच न जाणारा. आम्ही घरचे नाक न झाकायची शिकस्त करायचो. सिस्टरना ती करावी लागत नव्हती. त्या वडलांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांचं बोलणं ऐकायच्या. वडील आमच्या ओसरीवर, स्वतःच्या खाटेवर, सकाळचं ऊन पायावर घेऊन गेले. दादाने सिस्टरशी पुन्हा शब्द काढला नाही. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. घरी आला की त्यांच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. घरात राहिलो आई आणि मी. मी शाळेत शिकवत होते, आणि संध्याकाळी सिस्टरच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायची मला सवय लागली होती.

त्या उंबऱ्यावरच जहागीरदाराची आणि माझी ओळख झाली. दवाखान्याच्या भटारखान्यामागे सापडलेलं पिवळं बोक्याचं पिल्लू त्यांनी पिशवीत घालून घरी आणलं होतं. ते मोठं झालं आणि खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर असं पसरायला लागलं की सिस्टर स्वतः खाली चटईवर बसायच्या. "बसा, जहागीरदार, बसा. निजाम गेला तरी तुमचं चालू द्या." माणसांशी मोजकंच बोलणारी ही बाई बोक्याशी मात्र अखंड बोलायची. आज वॉर्डात कोण आलं, कोण गेलं, कोणत्या डॉक्टरने कुणावर राग काढला, भावजय काय म्हणाली. तो डोळे अर्धे मिटून ऐकायचा. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचा नारळ आणि शाल घेऊन घरी आल्या, शाल खुर्चीवर अंथरली आणि म्हणाल्या, "घ्या. तुम्हालाच लागंल."

निवृत्तीनंतर ते दोघंच होते. बाकीचं जग दारात यायचं, खरं ऐकायचं आणि निघून जायचं.

जहागीरदार म्हातारा झाला. एका उन्हाळ्यात तो खाताना मान वाकडी करायला लागला. दुधात पोळी कुस्करून दिली तरी दोन घास घेऊन मागे सरायचा. हनुवटीवर लाळ साचायची. "दात हाललाय," सिस्टर म्हणाल्या. काही दिवसांनी लाळेत रक्त दिसलं. "दातच हाय." मी त्याला उचलायला वाकले आणि मला तो वास आला. एवढ्या वर्षांनी, एवढ्याशा तोंडातून, तोच वास. मी सिस्टरकडे बघितलं. त्या स्टोव्हची वात वर-खाली करत होत्या. उभी हयात तसले पेशंट हाताळलेल्या बाईला तो वास येत नव्हता, असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

आम्ही त्याला रिक्षातून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं म्हशी आणि बैल बांधलेले. मांजर घेऊन आलेल्या दोन बायकांकडे लोक हसून बघत होते. डॉक्टर पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी जहागीरदाराचं तोंड उघडलं, जिभेखाली बघितलं आणि हळूच मिटलं.

"जिभेखाली गाठ आहे, जबड्यात पसरलीय. आता काही होणार नाही, सिस्टर. इंजेक्शन देऊन टाकू. झोप लागेल, मग श्वास थांबेल. त्याला कळणारही नाही."

"तुमचं पोर असतं तर दिलं असतं?" सिस्टरनी विचारलं.

"पोराला देता येत नाही. याला येतं, एवढं तरी याचं नशीब," डॉक्टर म्हणाले. "आज नको असेल तर घरी नेऊन विचार करा. पण फार दिवस करू नका."

सिस्टरनी शाल गुंडाळली, बोका छातीशी धरला आणि बाहेर आल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "काय होत नाय रे तुला. बरं होईल. बरं होईल." जो शब्द माझ्या वडलांना मिळाला नाही, गल्लीतल्या कुणालाच मिळाला नाही, तो त्या बोक्याला देत होत्या आणि स्वतः त्यावर विश्वास ठेवत होत्या.

त्यानंतर त्या खोलीचा वॉर्ड झाला. तान्ह्या बाळांना नाकातून घालतात तसली बारीक नळी त्यांनी कुठून तरी आणली आणि जहागीरदाराच्या नाकात घालून कपाळावर चिकटपट्टीने बसवली. नळीतून दूध, नळीतून पेज. पाठीच्या कातडीखाली सलाईन. जखम धुणं, पुसणं, औषध. हात तेच होते, सफाई तीच होती. पेशंटला बोलता येत नव्हतं एवढाच फरक. पहिले काही दिवस तो त्यांच्या मांडीवर पडून राहिला. मग तो खाटेखाली जायला लागला. सिरिंज धुतल्याचा आवाज आला की उरलेल्या ताकदीने सरपटत भिंतीशी जाऊन बसायचा. सिस्टर पालथ्या पडून, हात लांब करून त्याला मानगुटीला धरून बाहेर ओढायच्या. ओढताना म्हणायच्या, "चल राजा, दोन घोट." त्याच्या घशातून जो आवाज निघायचा त्याला म्याव म्हणता यायचं नाही.

गल्लीतल्या शकीला खाला एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आपा, बेजुबान जानवर है. छोड दो उसको. क्यूं गुनाह लेते सर पे?" सिस्टरनी दार लोटून घेतलं.

गावाहून भाऊ आला होता, तोही बोलला. "अक्का, आबा काय करायचे आठवतंय ना? वाटंत मेंढराचा पाय मोडला तर चार पावलं तरी चालू द्यायचे का त्याला? तिथंच सुरी फिरवायचे. तूच तर पाय धरायचीस." सिस्टरनी त्याचं जेवणाचं वाढलेलं ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. तो बिचारा हात धुऊन दुपारच्या एसटीने निघून गेला.

राहिले मी. मी बरेच दिवस गप्प राहिले, कारण मला वाटायचं की या बाईला मी काय सांगणार. पण एका संध्याकाळी गेले तेव्हा जहागीरदार कोपऱ्यात बसला होता, तोंड उघडं, एक डोळा सुजून मिटलेला, आणि सिस्टर त्याच्यासमोर वाटी घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, बास करा. उद्या त्याला डॉक्टरकडे नेऊ."

"सलाईन लागू पडतंय. कालच्यापेक्षा बरा हाय."

"बरा नाही. तुम्हाला माहीत आहे तो बरा नाही."

"तुला काय कळतं?"

"मला वास कळतो," मी म्हटलं. "बाबांच्या वेळी तुम्हीच सांगितलंत. त्यांच्या तोंडावर सांगितलंत. आणि ते खरं होतं म्हणून बाबा सुखाने गेले. तेच याला का नाही?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. त्या इतका वेळ माझ्याकडे बघत राहिल्या की मला वाटलं, आता त्या रडतील आणि सगळं सोपं होईल.

"तुझ्या बापाचं सांगायला मला काय लागत होतं?" त्या म्हणाल्या. "मरणारा तुमचा होता. माझा कोण होता त्यो? जलमभर लोकाची माणसं मरताना बघितली. लोकाचं खरं सांगायला छाती लागत नाय, पोरी. नुसतं तोंड लागतं."

"सिस्टर..."

"तुम्ही रडायला तिघं होता. मला ह्यो एकटा हाय. आता जा घरी. आन् परत येऊ नको."

मी गेले. आजही मला वाटत नाही की मी बोलले ते चुकलं. पण 'नुसतं तोंड लागतं' या एका वाक्याने त्यांनी माझ्याकडून काय काढून घेतलं, ते त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. वडलांच्या मरणाकडे बघताना मला एवढाच एक आधार होता, की कुणीतरी आमच्यासाठी धाडस करून खरं बोललं होतं.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी सिस्टरचा आवाज गल्लीत ऐकू आला. "जहागीरदार! ए राजा!" त्या पाणी भरायला बाहेर गेल्या, कडी नीट लागली नाही, तेवढ्यात तो निघून गेला होता. ज्याला मोरीपर्यंत जाता येत नव्हतं तो उंबरा उतरून, उन्हाने तापलेली गल्ली ओलांडून गेला होता. त्या प्रत्येक घरात शिरून बघत होत्या, लोकांच्या कॉटखाली, रांजणांमागे, लाकडांच्या ढिगात. डोक्यावर पदर नव्हता, पायात चप्पल नव्हती. मी त्यांच्यामागे फिरत होते. त्यांनी मला हाकलून दिलं नाही. मी आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी तो शकीला खालांच्या परसात पाण्याच्या हौदामागे सापडला. ओल होती तिथं, सावली होती. भिंतीकडे तोंड करून अंग चोरून बसल्यासारखा पडला होता. नाकातली नळी तशीच होती, तिचं टोक मातीने माखलं होतं. मुंग्या लागल्या होत्या.

सिस्टर खाली बसल्या. आधी त्यांनी चिकटपट्टी सोडवली. दुखू नये म्हणून कडेकडेने, हळूहळू. मग नळी काढली, पदर ओला करून त्याचं तोंड पुसलं. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "माझ्यापास्नं पळाला." कुणाला उद्देशून नव्हे. मग पुन्हा, "मी धरीन म्हणून पळाला."

खाला रडत होत्या. सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी तिथंच, हौदाजवळ, स्वतः खड्डा खणला. कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही.

त्यानंतर त्या कुणाचं काही बघेनाशा झाल्या. लोक सवयीने यायचे, त्या दारातूनच सांगायच्या, "मला ईचारू नका. दवाखान्यात जा." एकदा कुणाचं तान्हं बाळ फणफणलं होतं, त्याची आई पाया पडली, तरी त्यांनी बाळाला हात लावला नाही. हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. दसऱ्याच्या आधी त्यांनी खोली सोडली आणि भावाकडे गावी गेल्या. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी पुढे झाले. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आईला सांभाळ." खुर्ची त्यांनी नेली नाही. नवा भाडेकरू येईपर्यंत ती रिकाम्या खोलीत होती.

बऱ्याच वर्षांनी आईला अर्धांगाचा झटका आला. मोठ्या खाजगी दवाखान्यात ठेवलं. घशात नळी, श्वासाला मशीन, हात कॉटला बांधलेले. डॉक्टर नीट काही सांगत नव्हते, "बघू, वाट बघू" म्हणत होते. दादा पुण्याहून आला होता आणि सगळं करायचं, काही सोडायचं नाही, असं ठामपणे सांगत होता. मी आईकडे बघत राहायचे. तिने डोळे उघडले तरी त्यांत ओळख नव्हती. फक्त कळ होती. एके सकाळी मी कुणाला न सांगता पिशोरची एसटी धरली.

सिस्टर भावाच्या अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण शेजारचं पोतं माझ्याकडे सरकवलं. मी बसले आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही या. तुम्ही बघून सांगा."

"मी कशाला? तुला दिसत नाय का?"

"दिसतंय. तिला घरी आणावं असं वाटतं."

"मग भावाला सांग."

"तो ऐकणार नाही."

सिस्टरनी एक नासका कांदा बाजूला फेकला. "नाय ऐकणार. तू मला खरं सांगितलंस, मी तुला उंबऱ्याबाहेर काढलं. त्योबी काढंल. तरी सांगायचं असंल तर सांग. पण त्यो जवळ राहील आन् खरंबी सांगून होईल, असं मनात धरून जाऊ नको. दोन्ही मिळत नाय."

मी गेले आणि दादाला सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांसमोर, तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. "तू ज्या बाईच्या मागे लागलीस तिनेच तुझं काळीज दगडाचं केलं," त्यातलं एवढंच सांगते. आईला घरी आणलं नाही. ती तिथंच, मशीनच्या आवाजात, हात बांधलेले असताना गेली. दादाने तिचं सगळं यथासांग केलं. तेरावा झाला आणि तो पुण्याला निघून गेला. राखीला मी फोन केला, त्याने उचलला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग मी करायची थांबले.

मी पुन्हा एकदा गावी गेले होते. सिस्टरनी विचारलं, "ऐकलं का त्यानं?"

"नाही."

"बोलतो का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, भावजयीला हाक मारून माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगितली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. समजूत घातली नाही. निघताना एसटीपर्यंत आल्या. बस सुटता सुटता खिडकीशी येऊन म्हणाल्या, "त्या दिवशी तू म्हणालीस तवाच नेला असता तर..." आणि पुढचं बोलल्या नाहीत. बस निघाली.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. घरचे सकाळी चहा घेऊन उठवायला गेले तर अक्का अंगावर घोंगडी घेऊन तशाच निजलेल्या. आदल्या दिवशी जेवल्या होत्या, नीट बोलल्या होत्या, दुखत-खुपत काही नव्हतं. भाऊ रडत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काय करू दिलं नाय हो अक्कानं. दवाखान्यात न्यायलाबी टाइम दिला नाय."

मी त्याला म्हटलं, "बरं झालं." त्याला ते लागलं असणार. त्याने फोन ठेवून दिला.